साहेब आत बसलेले आहेत

तारापूर एमआयडीसीत रसायनांचे कारखाने पोत्यानं आहेत. त्यातल्या एकात दमयंती पागधरे टेलिफोन ऑपरेटर होती. कारखान्याचं नाव सांगून उपयोग नाही. बाहेरून सगळे एकसारखेच, पत्र्याचे आणि गंज चढलेले. आत बसणारा मोठा साहेबही जिथं तिथं एकाच साच्यातून पाडलेला. दमयंतीच्या कारखान्यातला साहेब लहान साहेब म्हणून आला होता आणि मोठा साहेब होऊन बसला. खुर्ची तेवढी रुंद झाली, मन होतं तेवढंच राहिलं.

दमयंती शिरगावची. बापाची होडी, आयेची पाटी, घरात बोंबलांचा वास, आणि शाळा मराठी. मॅट्रिक झाल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून ती मुलाखतीला गेली. तिथं तिला इंग्रजी येतं का विचारलं. ती म्हणाली, "वाचता येतं. बोलता आलं तर बघू." मग फोनवर "नमस्कार" म्हणायला लावलं. ती म्हणाली, आणि पलीकडच्या खोलीत फोन कानाला लावून बसलेल्या माणसानं तिथूनच सांगितलं, हिला घ्या. तिचा आवाज होताच तसा. घट्ट, गोड, कुठं चिरकणार नाही असा. आयेनं बाजारात ओरडून ओरडून जो आवाज फोडून घेतला, तो लेकीला देवीनं नव्यानं भरून दिला, असं घरात म्हणत.

तेव्हापासून ती जिन्याखालच्या खोलीत बसली. खोली कसली, खुराडं. समोर दिव्यांचा बोर्ड, कानाला हेडफोन, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. खोलीत हवा येई ती एमआयडीसीची. त्या हवेनं तिच्या पायातली चांदीची जोडवी आठवड्यात काळी पडत. ती रविवारी चिंचेनं घासून काढी, शनिवारपर्यंत पुन्हा काळी. साहेबांना कुणी विचारलं तर ते म्हणत, हवेत काही नाही. जोडव्यांना कुणी विचारलं नाही.

लोकांना वाटतं, ऑपरेटरचं काम फोन जोडण्याचं. दमयंतीला पहिल्याच महिन्यात कळलं की जोडायला कुणीही बसवता आलं असतं. तिला ठेवलं होतं ते न जोडण्यासाठी. बोर्डावर बाहेरचा दिवा लागे, ती नाव विचारी, आत साहेबांना सांगे. आतून उत्तर येई, "असं करा दमयंतीबाई, सांगा साहेब मीटिंगमध्ये आहेत." तेव्हा साहेब शेंगदाणे खात असत. फोनमध्ये दातांचा आवाज येई. कधी साहेब मुंबईला असत, कधी साहेबांच्या मेव्हण्याचं लग्न असे. एकाच मेव्हण्याचं लग्न तिनं इतक्यांदा लावून दिलं की खऱ्या मेव्हण्याला कळलं असतं तर तो हबकला असता. आणि प्रत्येक थापेची सुरुवात एकच, "असं करा". हे दोन शब्द ऐकू आले की दमयंती ओळखे, आता माझ्या तोंडात काहीतरी कोंबणार.

पोट भरायचं होतं, तिनं ते कोंबून घेतलं. पण बाई भाविक. कुणाला न सांगता भाविक. कपाळावर मोठं कुंकू नाही, तोंडानं सतत देव देव नाही, पण सोमवारी सकाळी निघायच्या आधी ती किल्ल्याजवळच्या गावदेवीला नारळ फोडायची. फोडताना म्हणायची, "आये, आठवड्याचं खोटं बोलून झालं. तोंड माझं होतं, गोष्ट साहेबांची होती. ज्याचं त्याला दे." मग नारळाचं एक भकल देवळात ठेवून दुसरं कारखान्यात न्यायची आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायची.

"प्रसाद, साहेब."

"वा, वा, दमयंतीबाई! तुमच्या शिरगावचा नारळ म्हणजे काय!" म्हणून साहेब ते भकल कडाकडा खात. आपल्याच खोट्याची अर्धी वाटणी आपण दर सोमवारी चावून गिळतो आहोत, हे त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. दमयंती समोर उभी राहून बघायची, तुकडा संपेपर्यंत. मग निवांत मनानं खाली येऊन हेडफोन लावायची.

शिवाय तिनं देवीला एक कबूल केलं होतं. निवृत्त झाले की या तोंडातून खोटा शब्द काढणार नाही. उरलेले दिवस स्वच्छ. त्या एका बोलीवर तिनं सगळी नोकरी काढली.

बाकी सगळी खोटी तिनं पचवली. एक मात्र घशात अडकलं, ते नवसीचं.

नवसी चिल्हार रस्त्याच्या आतल्या पाड्यावरची. तिचा नवरा भिका ठेकेदाराकडून कारखान्यात कामाला होता. एक दिवस पाईपातून काहीतरी उडालं आणि त्याच्या डोळ्यात गेलं. साहेब त्या दिवशी धावत खाली आले. चार माणसांसमोर म्हणाले, "काळजी करू नकोस, आपल्या गाडीनं मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे नेऊ." चार माणसं पांगली, तसा साहेबांचा शब्दही पांगला. मग नवसी फोन करू लागली. पाड्यावर रेंज नाही, म्हणून शेजारणीचा मोबाइल घेऊन टेकाडावर चढायची.

"बाय, सायब हाय का?"

"मीटिंगमध्ये आहेत गं."

"कदी सुटल?"

"उद्या कर."

"बरं बाय. त्याला आता एका डोल्यानं उजेड दिसते नुसता. सायबाला सांगशील ना?"

"सांगते."

हे "सांगते" तेवढं खरं होतं. ती सांगायची. साहेब म्हणायचे, "असं करा, तिला पुढच्या आठवड्यात फोन करायला सांगा." नवसी पुढच्या आठवड्यात करायची. तिनं कधी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर दमयंतीला बरं वाटलं असतं. एका सोमवारी तर तिनं साहेबांच्या टेबलावर दोन्ही भकलं ठेवली.

अशात साहेबांच्या कानावर एक शब्द पडला, फुकट.

शब्द घेऊन आला तो निमेश. पालघरचा, तिशीतला, खांद्याला बॅग, बॅगेवर पेंग्विनचं चित्र. कंपन्यांत कॉम्प्युटरची कामं करायचा. जुना बोर्ड अधूनमधून मान टाकत होता, म्हणून त्याला बोलावलं. त्यानं बोर्ड बघितला आणि म्हातारीच्या अंत्ययात्रेला आल्यासारखी मान हलवली.

"साहेब, याचे पार्ट मिळत नाहीत. नवीन मशीन घ्याल तर महाग. त्यापेक्षा एक जुना कॉम्प्युटर द्या, त्यात लिनक्स म्हणून सिस्टीम आहे ती टाकतो आणि त्याच्यावर ओपन सोर्स टेलिफोन एक्स्चेंज. लायसन्स काही नाही. फुकट."

साहेबांच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं.

"आणि ऑपरेटर?"

"लागत नाही, साहेब. फोन थेट ज्याचा त्याच्या टेबलावर."

दमयंती दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्यासमोर हे बोलायला दोघांनाही काही वाटलं नाही. तसंही ती त्या महिनाअखेर निवृत्त होणार होती. तिच्या जागी कुणी येणार नाही, एवढंच तिला त्या दिवशी कळलं.

हिशेब खात्यातला एक अडगळीतला कॉम्प्युटर आणला. त्याच्यात उंदरानं केलेलं घर निघालं. निमेशनं तो पुसला, पेनड्राइव्ह खुपसला आणि दमयंतीच्याच खुराड्यात तिच्याच शेजारी बसून कामाला लागला. पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी वर सरकत होती. चित्र नाही, रंग नाही.

"हे बिघडलंय का?" दमयंतीनं विचारलं.

"नाही मावशी, असंच असतं. हे डेबियन. लिनक्समधलं सगळ्यात भरवशाचं."

"कुठल्या कंपनीचं?"

निमेशला हाच प्रश्न हवा होता. खुर्ची वळवून तो बसला. "कुणाचंच नाही! तीच तर गंमत आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कुणीही आत बघावं, कुणीही बदलावं, कॉपी करून दुसऱ्याला द्यावं. स्वातंत्र्य आहे, मावशी. यात काही लपवाछपवी नाही. सगळं उघडं."

"लपवाछपवी नाही?"

"अजिबात."

"आणि ते तू ह्या कंपनीत बसवतोस?"

निमेश हसला. त्याला वाटलं, मावशीनं विनोद केला.

मग त्यानं एक ओळ लिहिली, एंटर मारलं आणि हात डोक्यामागे बांधून बसला. अक्षरं धो धो वाहू लागली.

"आता काय करतंय?"

"एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर उतरवतंय. आणि त्याला लागणारी बाकीची सॉफ्टवेअरं पण स्वतःच शोधून आणतंय. त्यांना डिपेंडन्सी म्हणतात."

"म्हणजे वऱ्हाड," दमयंती म्हणाली. "नवरदेव एक, आणि मागनं जेवायला शंभर."

वऱ्हाड उतरलं, पण लग्न काही लागेना. आधी कॉम्प्युटरला इंटरनेटची वायर ओळखू येईना. मग ओळखू आली तर वीज गेली. वीज आली तर कॉम्प्युटरचा डबा तापून बंद पडला. एक इलेक्ट्रिशियन येऊन हात लावून म्हणाला, "ये तो तवा हो गया, मैडम, रोटी सेंक लो." निमेशनं साहेबांना सांगितलं, सर्व्हरला थंड हवा लागते. दुसऱ्याच दिवशी खुराड्यात एसी बसला. दमयंतीनं वर बघितलं. सगळं आयुष्य तिनं त्या कुरकुरणाऱ्या पंख्याखाली काढलं होतं; उन्हाळ्यात ओला रुमाल मानेवर ठेवून "नमस्कार" म्हणत होती. एक जादा पंखा मागितला तेव्हा साहेब म्हणाले होते, "पुढच्या बजेटमध्ये बघू." बाईला घाम आला तर तो तिचा घाम. उंदराच्या घराला घाम आला तर धावा, एसी आणा.

ती एसीत शाल घेऊन बसली. सुख म्हणून ते आलं तेही असं, दुसऱ्याच्या पानातलं.

एसीनंतर फोन लागू लागले, पण एकाच बाजूनं. साहेब बोलायचे ते पलीकडे जायचं, पलीकडचं साहेबांना ऐकू यायचं नाही. निमेश पार हबकला. दमयंतीला त्यात नवल वाटेना. साहेब पहिल्यापासून तसेच होते. यंत्रानं फक्त त्यांचा गुण घेतला. खुद्द साहेबांनाही दोन दिवस त्यात काही बिघाड आहे हे लक्षात आलं नाही.

निमेश मग मोबाइलवर परदेशातल्या कुणाकुणाच्या लिखाणात डोकं घालून बसला. वडापाव आला, चहा आला, तो डोकं काढेना. शेवटी कुठल्याशा फाइलीत त्यानं एक ओळ बदलली आणि फोन दोन्हीकडून ऐकू येऊ लागला. तेव्हा तो अशा रुबाबात उठला की जणू दर्याला भरती यानंच आणली. ती ओळ दुसऱ्या कुणीतरी शोधून जगासाठी लिहून ठेवली होती. यानं उतरवून घेतली. पण मिशीवर ताव यानंच दिला.

सोमवारपासून नवं एक्स्चेंज सुरू झालं. साहेबांनी यंत्राला हार घातला, पेढे वाटले, आणि दमयंतीला सांगितलं, आता तुम्ही आराम करा.

तिनं आराम केला. हेडफोन बाजूला ठेवून, हात मांडीवर घेऊन बसली. वर साहेबांच्या टेबलावर फोन वाजू लागला.

साहेबांनी मोठ्या कौतुकानं उचलला. पलीकडून कुणीतरी मालाची चौकशी केली नाही, मेव्हण्याच्या लग्नाची केली. "झालं का एकदाचं? आता तरी बोला." तो ठेवतात तर दुसरा. तो ठेवतात तर तिसरा, सरकारी माणूस, नाल्याच्या पाण्याचं विचारायला. आजवर जेवढी माणसं दमयंतीच्या गळ्याशी थोपली होती, ती सगळी एका सकाळीत साहेबांच्या कानात शिरली. यंत्र काही विचारत नव्हतं, दमत नव्हतं, कुणाचं तोंड बघून थांबत नव्हतं. साहेब बाथरूममध्ये जाऊन बसले, तरी ते वाजत राहिलं. आणि दुपारी, जेवणाच्या डब्यावर हात ठेवला असताना, फोनमधून एक बाई म्हणाली, "बाय, सायब हाय का?"

साहेबांच्या तोंडून निघालं, "नाही, मीटिंगमध्ये आहेत."

"तू कोण बोलते?" नवसीनं विचारलं. तिला रोजचा आवाज ओळखीचा होता.

साहेबांनी फोन ठेवला. स्वतःबद्दलची थाप स्वतःच्या तोंडानं मारायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि ती त्यांना जमली नाही. इतकी वर्षं थापांचे मालक असून या धंद्यात ते कच्चेच राहिले होते. सगळा माल दुसरीकडून करवून घेतलेला.

संध्याकाळी निमेशची हजेरी घेतली गेली.

"हे काय बसवलंस? कुणीही उठतंय आणि मला फोन लावतंय!"

"साहेब, तुम्हीच म्हणालात थेट..."

"थेट म्हणजे एवढं थेट?"

निमेशनं डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "आपण रेकॉर्डिंग लावू. 'खरेदीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन, साहेबांसाठी पाच.' आणि पाच दाबलं की सांगायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, नंतर फोन करा. फोन आपोआप बंद. तुमच्याकडे येणारच नाही. मावशींचाच आवाज घेऊ, लोकांच्या ओळखीचा आहे. विश्वास बसतो."

साहेबांनी दमयंतीला वर बोलावलं. बसा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दमयंतीबाई, तुम्ही चाललात, पण तुमचा आवाज इथं राहील. कायमचा! भाग्य लागतं. असं करा, एवढं चार ओळींचं रेकॉर्ड करून द्या. तुमच्या विपुलचं मी बघतो. परमनंट करून टाकू."

विपुल तिचा मुलगा, तिथंच पॅकिंगमध्ये, तात्पुरता.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

खाली येताना जिना लांबला. आजवर खोटं बोलली ते श्वासाबरोबर निघालं आणि विरलं. सोमवारी नारळ फुटला की आठवडा कोरा. पण हे यंत्रात बसलेलं खोटं? ती घरी देवापुढे दिवा लावत असेल, तेव्हा इकडे तिचं तोंड नवसीला सांगत असेल, मीटिंगमध्ये आहेत. ती एकादशी करील, तोंड खोटं बोलत असेल. ती झोपेल, तोंड जागं. ती मरेल, पोरं तिला समुद्रावर नेऊन पोहोचवून येतील, आणि इथं एसीच्या गारव्यात ते बोलतच असेल. देवीला दिलेला शब्द तिनं पाळायचा म्हटला तरी पाळणार कसा? यांनी तिचं निवृत्तीनंतरचं तोंडसुद्धा मागून घेतलं होतं.

सकाळी ती सोमवार नसताना गावदेवीला गेली. हात जोडून उभी राहिली. देवी काही बोलली नाही. ते बरंच झालं; बोलली असती तर तिचाही आवाज कुणी रेकॉर्ड केला असता.

परत निघताना विपुल मोटारसायकल घेऊन थांबला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"परमनंट करतो बोलला?" विपुलनं विचारलं.

"हं."

"कसा बोलला? नीट सांग, आये."

दमयंतीनं साहेबांचं वाक्य त्यांच्याच सुरात म्हणून दाखवलं. "असं करा, एवढं रेकॉर्ड करून द्या. विपुलचं मी बघतो." म्हणता म्हणता ती थांबली. कानांना ओळख पटली. इतक्या वर्षांत त्या माणसाचं एकही वाक्य "असं करा" नं सुरू होऊन खरं निघालं नव्हतं. फरक इतकाच, की आजवर ही थाप तिच्या हातून दुसऱ्याला जायची. काल पहिल्यांदा तिलाच वाढली गेली. आणि ती, जिच्या हातून सगळा माल गेला, ती रात्रभर त्या मालावर विचार करत बसली!

तिला स्वतःचंच हसू आलं.

"काय झाला?" विपुलनं विचारलं.

"काय नाय. तुजा परमनंट काय होत नाय, येवढा समज. चल."

निमेशनं तिच्यासमोर मायक्रोफोन ठेवला, हातात कागद दिला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक आडवी हिरवी रेघ होती.

"तुम्ही बोला मावशी, मी इथं बघतो. रेघ वर-खाली झाली पाहिजे. फार वर नको, आवाज फाटतो. फार खाली नको, ऐकू येत नाही."

"तू ऐकत नाहीस?"

"ऐकायचं काय त्यात? रेघेत सगळं कळतं."

दमयंतीनं कागद बघितला. पदर सारखा केला. आणि ज्या आवाजावर तिला नोकरी मिळाली, त्याच आवाजात सुरुवात केली. नमस्कार. खरेदी विभागासाठी एक दाबा. हिशेब विभागासाठी दोन दाबा. मधलेही सगळे आकडे झाले. साहेबांशी बोलण्यासाठी पाच दाबा. रेघ डुलत होती. निमेश तिच्याकडे न बघता अंगठा वर करून दाखवत होता आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर कुणाला तरी हसण्याची चित्रं पाठवत होता.

"आता पाचचं," तो म्हणाला. "शेवटचं. एका दमात."

दमयंतीनं मनात देवीचं नाव घेतलं. कागद मांडीवर उलटा ठेवला. एका दमात म्हणाली,

"साहेब आत बसलेले आहेत, पण फोन घेणार नाहीत. जेवणाच्या सुट्टीत गाडीनं बाहेर पडतात, तेव्हा गेटवर भेटतात. धन्यवाद."

हिरवी रेघ छान उठली, छान बसली.

"एकदम परफेक्ट!" निमेश म्हणाला. "एक पण टेक वाया नाही. मावशी, तुम्ही रेडिओत जायला पाहिजे होतं."

त्यानं फाइल जागेवर ठेवली, एक ओळ लिहिली, एंटर मारलं. सगळं उघडं असलेल्या त्या यंत्रात कुणीही आत बघू शकत होतं. कुणी बघितलं नाही.

महिनाअखेर दमयंतीचा निरोप समारंभ झाला. साहेब बोलले. "दमयंतीबाई म्हणजे आपल्या कंपनीचा आवाज," वगैरे. शाल दिली, तीही एसीचा महिना संपल्यावर. श्रीफळ दिलं. तो नारळ तिनं सोमवारी गावदेवीपुढे फोडला आणि दोन्ही भकलं गावातच वाटली. साहेबांना द्यायचं काही उरलं नव्हतं.

विपुलला दुसऱ्या महिन्यात सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको. सांगितलं ते ठेकेदारानं. साहेब मीटिंगमध्ये होते.

इकडे साहेब खूश होते. फोन थांबले होते. टेबलावर शेंगदाणे आणि शांतता. आपल्याच कारखान्याला बाहेरून फोन लावून बघावा, असं आतल्या कुणाला कशाला सुचेल? आतली माणसं आत बोलत, बाहेरची बाहेर ऐकत. फक्त एक विचित्र गोष्ट होऊ लागली. जेवणाच्या सुट्टीत साहेबांची गाडी निघाली की गेटवर माणसं उभी. कधी दोन, कधी पाच. कुणी गाडीच्या काचेवर टकटक करी, कुणी बॉनेटवर हात ठेवून शांत उभा राही. साहेबांनी वॉचमनला झापला. वॉचमन बदलला. नवा आला, तरी माणसं तिथंच, वेळेवर. घरात फितूर कोण, म्हणून साहेबांनी ड्रायव्हरवर संशय घेतला, हिशेबनिसावर घेतला. जिन्याखालच्या डब्यावर कुणाचा संशय जाणार? तो तर फुकट होता, आणि फुकटच्या वस्तूला कुणी दोष देत नाही.

नवसीनं टेकाडावरून फोन लावला तेव्हा ओळखीचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं. ती बोलायलाच लागली, "बाय, बरी हायस ना?" आवाज पुढे सरकला. तिनं शेजारणीला विचारून पाच दाबलं. ऐकलं. पुन्हा लावून ऐकलं. मग पाड्यावरच्या आठ-दहा बाया आणि भिका, असे सगळे सुट्टीच्या वेळी गेटवर येऊन बसले. घोषणा नाहीत, फलक नाही. गाडी आली तशा बाया उठून पुढे गेल्या आणि नवसीनं मागचं दार उघडून भिकाला आत बसवला.

"ए, काय करतेस?" साहेब म्हणाले.

"तूच बोलला ना सायब, आपल्या गाडीनं नेऊ? ही आपलीच गाडी ना?"

रस्त्यावर दुसऱ्या कारखान्यांची माणसं जमली होती, मोबाइल वर धरून. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "असं करा..." त्यांनी सुरुवात केली. पण पुढचं वाक्य पोहोचवायला मधे कुणी नव्हतं. गाडी मुंबईला गेली. एका डोळ्याचं फार काही झालं नाही, उशीर झाला होता, दुसरा वाचला. नवसी शिरगावला येऊन रानातली करटुली देऊन गेली आणि ओट्यावर बसून दमयंतीला म्हणाली, "तुजा आवाज फोनमदी बरा लागते. पन माजा ऐकत नाय गं तू."

विपुलला त्याच एमआयडीसीत, दोन रस्ते पलीकडे, दुसरं काम मिळालं. दुसरा कारखाना, दुसरा पत्रा, दुसरा साहेब. दोन आठवडे झाले आणि त्याला ताप भरला. कामावर येत नाही हे कळवायचं म्हणून त्यानं घरातून कंपनीचा नंबर लावला. दमयंती ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. विपुलनं पडल्या पडल्या फोनचा स्पीकर लावला.

कंपनीचं नाव कुणा पोरीच्या आवाजात आलं. मग एक खट्ट झालं, आणि त्यापुढे, "नमस्कार. खरेदी विभागासाठी एक दाबा..."

विपुल उठून बसला. फोनकडे बघितलं. ओट्याकडे बघितलं. आये तिथंच होती, हातात बोंबील, तोंड मिटलेलं.

"आये! तू आमच्या कंपनीत काय करतेस?"

दमयंतीलाही काही उमगेना. मग उमगलं. निमेश! कॉपी करावं, दुसऱ्याला द्यावं, स्वातंत्र्य आहे, मावशी. त्या आळशी माणसानं नव्या कारखान्यात नवं काही बसवलंच नव्हतं. तिथला अख्खा डबा जसाच्या तसा उचलून इथं ओतला होता, वर नाव तेवढं दुसरं चिकटवून. आणि इथं ओतला म्हणजे आणखी कुठं कुठं ओतला असेल, देवी जाणे. ऐकून बघायची त्याला गरज नव्हती. रेघ चांगली होती.

"पाच दाब," ती म्हणाली.

"पन मला तर टाइम ऑफिस पायजे."

"दाब म्हनते ना."

विपुलनं पाच दाबलं. ओट्यापर्यंत आवाज स्वच्छ आला, घट्ट, गोड, कुठंही न चिरकणारा. "साहेब आत बसलेले आहेत, पण फोन घेणार नाहीत..."

दमयंतीनं शेवटच्या धन्यवादपर्यंत ऐकलं. तिनं या दुसऱ्या साहेबाला कधी बघितलं नव्हतं.

"खरा हाय का रं?" तिनं विचारलं. "तुजा साहेब आत बसते का?"

"आतच बसते. शेंगदाने खात."

"आनी दुपारचा भायेर पडते?"

"पडते ना. गाडीनं."

"मग बरा हाय," दमयंती म्हणाली, आणि पुढचा बोंबील घेतला.